मुक्तस्रोत आज्ञावलीतील टीपांची शुद्धी : एक चिकित्सा

मुक्तस्रोत आज्ञावली कोणालाही वाचता येते व तीत दुरुस्ती सुचविता येते. तिच्यातील टीपा, म्हणजेच कॉमेंट्स, संगणक वगळतो. त्या माणसांसाठी असतात. त्यामुळे टीपेतील चूक सुधारणे हे किरकोळ, नवशिक्याचे काम समजले जाते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

टीपेतील चुका दोन प्रकारच्या असतात. अक्षर सुटणे वा जुने नाव तसेच राहणे ही लेखनाची चूक. ती निःशंकपणे सुधारावी. दुसरी चूक विसंगतीची : टीप एक सांगते व आज्ञा दुसरेच करते. येथे चूक नेमकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथॉनसाठी रचलेली 'टिमसॉर्ट' ही क्रमवारीची पद्धत पुढे जावानेही स्वीकारली. जावाच्या आज्ञावलीतील टीपेत क्रमबद्ध तुकड्यांच्या लांबीविषयीची अट स्पष्ट नोंदलेली होती. 2015 मध्ये स्टाइन द गाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती पडताळणी केली, तेव्हा आज्ञा ती अट सर्वत्र पाळत नसल्याचे सिद्ध झाले. विशिष्ट रचनेच्या मोठ्या माहितीसंचावर कार्यक्रम बंद पडू शकत होता. पायथॉनमध्ये आज्ञेतील तपासणी वाढविण्यात आली; जावात प्रथम राखीव जागा वाढवून काम भागविले गेले. आज्ञेशी जुळावी म्हणून कोणी टीपच 'सुधारली' असती, तर दोषाचा साक्षीदारच नाहीसा झाला असता.

मराठीला हा विवेक नवा नाही. शके 1506 (इ. स. 1584) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीत पाठांतराने शिरलेले अपपाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. शोधन म्हणजे कर्त्याच्या हेतूचा शोध. स्वतःची भर नव्हे. एकनाथांसमोर ज्ञानदेवांची मूळ प्रत नव्हती. आजच्या शोधकासमोर मात्र प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद गिट प्रणालीत असते. ती न वाचता केलेली दुरुस्ती अक्षम्य ठरते.

ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे. अशा जुन्नर-आंबेगाव परिसरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जागतिक प्रकल्पात प्रवेश करण्यासाठी टीपाशुद्धी हा बिनखर्चाचा मार्ग आहे. तथापि, प्राध्यापकांनी दुरुस्त्यांची संख्या मोजून गुण देऊ नयेत. टीप चुकीची की आज्ञा, हे विद्यार्थ्याने कशावरून ठरविले, याचे लेखी कारण मागावे. मूल्यमापन त्या कारणाचे व्हावे.