'गाळणे', 'निवळणे' आणि 'शुद्ध करणे' : दुर्गभ्रमण-लेखनातील पाण्याची भाषा

मराठीत गडकोट, घाटवाटा आणि सागरकिनारा यांच्या भ्रमंतीवरील लेखन आता विपुल झाले आहे. गो. नी. दांडेकरांनी या लेखनाला जो सूर दिला तो पुढील लेखकांनी कमीअधिक प्रमाणात सांभाळला. त्याची वाङ्मयीन चर्चा होते तेव्हा ती बहुधा इतिहासदृष्टी, निसर्गवर्णन आणि लेखकाची आत्मपरता यांच्या अनुषंगाने होते. त्यात पाण्याविषयी येणाऱ्या वाक्यांकडे समीक्षकाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या लेखनातील हीच वाक्ये अशी आहेत की वाचक ती केवळ वाचीत नाही, तर त्यांवर विसंबून टाक्यातले पाणी ओंजळीने तोंडाला लावतो. वर्णन फसले तर वाचकाचा रसभंग होतो. हे वाक्य फसले तर तो आजारी पडतो. म्हणून त्याची शब्दकळा तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

ही वाक्ये साधारणपणे एकाच साच्याची असतात. टाक्यातील पाणी 'थंडगार', 'नितळ', 'मधुर' असते. ते 'बारमाही' असते. आणि अलीकडच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याला 'शुद्ध करून प्यावे' अशी सूचना जोडलेली असते. विशेषणे इंद्रियांनी दिलेली आहेत आणि सूचना कोणत्याही क्रियेचे नाव घेत नाही. थंडपणा त्वचेने कळतो, नितळपणा डोळ्याने आणि माधुर्य जिभेने. पाण्यातून होणाऱ्या रोगांची कारणे मात्र या तिन्ही इंद्रियांच्या पलीकडची आहेत. जिआर्डिया या आदिजीवाचे कोष सुमारे ८ ते १४ मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ मायक्रॉनचे. काविळीस कारण होणारे 'अ' आणि 'ई' यकृतदाहाचे विषाणू तर मायक्रॉनच्या तीनशतांश भागाएवढे. पाणी निवळशंख असतानाही ते त्यात सुखाने नांदू शकतात.

पाण्याविषयी मराठी भाषा दरिद्री आहे असे कोणी म्हणणार नाही. उलट ती फार संपन्न आहे. प्रश्न आहे तो ही संपत्ती कोणत्या दिशेने साठली याचा. या दृष्टीने गुहागर तालुक्यातील हेदवीचा परिसर पाहण्याजोगा आहे. दशभुजा गणेशाचे मंदिर आणि भरतीच्या वेळी पाण्याचा लोट उसळविणारी बामणघळ यांमुळे हे गाव प्रवाशांच्या परिचयाचे आहे, आणि किनाऱ्याने पायी हिंडणारे तरुणही आता या बाजूस येतात. येथे जांभ्या दगडाचा सडा समुद्रापर्यंत येऊन भिडतो. पावसाळ्यात अपार पाणी पडते, जांभा ते झिरपू देतो, सड्याच्या पायथ्याशी झरे फुटतात आणि चैत्र-वैशाखात त्यांतले पुष्कळसे आटतात. साहजिकच या भूमीच्या बोलीत वहाळ वेगळा, पऱ्ह्या वेगळा, झरा वेगळा आणि वाळूत उकरून काढलेला झिरा वेगळा. चवीने पाहिले तर गोडे, मचूळ आणि खारे अशी प्रतवारी आहे. यांपैकी 'मचूळ' हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो. विहिरीत समुद्राचा अंश किती शिरला आहे हे मापनयंत्राशिवाय सांगणारा तो शब्द आहे, आणि तो बहुधा चुकत नाही.

परंतु ही सारी प्रतवारी उगम, चव आणि रूप यांचीच आहे. किंबहुना 'गोडे' हा शब्दच या ठिकाणी फसवा ठरू शकतो. क्षार नसणे एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याच्या मनात तो 'पिण्यास चांगले' असा पसरतो. उलट बाजूनेही घोटाळा होतोच. पाठीवरच्या पिशवीत बाळगण्याची जी पोकळ तंतूंची गाळणी आज सर्वत्र मिळते, तिची छिद्रे सामान्यतः ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. ती जिवाणू व आदिजीव अडविते, पण पाण्यात विरघळलेले मीठ अडवीत नाही. मचूळ पाणी तिच्यातून मचूळच बाहेर पडते, आणि उकळल्याने तर क्षाराचे प्रमाण वाढतेच. 'पाणी शुद्ध करणारे यंत्र' असे वर्णन वाचून ती घेतलेल्या प्रवाशाने हेदवीच्या किनाऱ्यावर ती वापरून पाहिली, तर दोष यंत्राचा नसून वर्णनाचा आहे हे त्याच्या ध्यानी यावे.

'गाळणे' या क्रियापदाकडे वळू. 'गळणे-गाळणे' ही जोडी 'पडणे-पाडणे', 'मरणे-मारणे' यांच्याच जातीची, अकर्मकावरून स्वरवृद्धीने सकर्मक बनलेली. पण तिच्या कर्माच्या ठायी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. 'पाणी गाळले' म्हणजे पाणी ठेवले, आतील कचरा टाकला. 'ओळ गाळली' म्हणजे ओळ टाकली, बाकीचे ठेवले. एका प्रयोगात कर्म राखले जाते, दुसऱ्यात ते वगळले जाते. शिवाय 'दारू गाळणे' या प्रयोगात क्रिया ऊर्ध्वपातनाची आहे. आणि 'घाम गाळणे' येथे कशाचीच चाळण नाही. (पु. ल. देशपांडे यांनी वाङ्मयाच्या इतिहासाला लावलेले 'गाळीव' हे विशेषण याच संदिग्धतेवर उभे आहे.) तात्पर्य, हे क्रियापद छिद्राचा आकार सांगत नाही, काय अडले ते सांगत नाही, आणि कर्म राहिले की गेले हेही संदर्भावर सोपविते. ग्रंथांतून आढळणाऱ्या 'निस्यंदन' या संस्कृत शब्दाने यात काही भर पडते असे नाही. 'स्यंद्' म्हणजे वाहणे, पाझरणे. शब्द भारदस्त झाला, माहिती होती तेवढीच राहिली.

तरीही 'गाळणे' तुच्छ लेखण्याचे कारण नाही. फडक्याने पाणी गाळण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात यतीला वस्त्रपूत पाण्याचाच नियम आहे, आणि जैन आचारात तो आजही कटाक्षाने पाळला जातो. त्यामागील हेतू मुख्यत्वे अहिंसेचा, आरोग्याचा नव्हे. पण रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगला देशातील मतलब भागातल्या ६५ खेड्यांत केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटते. पटकीचा जंतू वस्त्रात अडकत नाही, तो फार लहान. परंतु तो ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो ते सुमारे २० मायक्रॉनच्या त्या जाळ्यात अडकतात. म्हणजे वस्त्र निरुपयोगी नव्हे आणि पुरेसेही नव्हे. 'गाळून घ्यावे' या दोन शब्दांत मात्र साडीचे फडके आणि ०.१ मायक्रॉनची नळी यांच्यात भेदच उरत नाही.

'निवळणे' याची गोष्ट निराळी. निवळीच्या बिया उगाळून पाण्यात टाकल्या की गढूळपणा तळाशी बसतो. सुश्रुताने पाण्याच्या 'प्रसादना'ची जी साधने सांगितली त्यांत निवळी आहे, वस्त्रही आहे. तुरटी हेच काम अधिक जलद करते. 'निवळ' हा शब्द 'निर्मल'पासून आला असे सर्रास सांगितले जाते. पण 'कर्म', 'चर्म', 'घर्म' यांतील 'र्म'पासून 'काम', 'चाम', 'घाम' असा 'म' टिकून राहिलेला असता येथेच 'व' का व्हावा, ही शंका रास्त आहे. 'र्व'चा 'व' होणे मात्र सरळ असते, 'चर्वण' आणि 'चावणे' यांप्रमाणे. म्हणून 'निर्वा-'पासून आलेल्या 'निवणे'शी, म्हणजे शांत होण्याशी, त्याचे नाते जोडून पाहणे मला अधिक सयुक्तिक वाटते. अर्थाच्या अंगाने तर ते फारच जुळते : पाणी निवळते ते खळबळ थांबून. ते निर्मळ होत नाही, शांत होते.

याच निवळीचा एक दृष्टान्त मनुस्मृतीत आला आहे. निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे, पण तिचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा त्याचा आशय. तेथे तो धर्माच्या बाह्य चिन्हांविषयी आहे. आपल्या दुर्गलेखनाला तो शब्दशः लागू पडतो. शिवनेरीवरील टाक्यांची नावे गंगा आणि जमुना. नावामागची श्रद्धा आदरणीय आहे. पण नाव सांगून लेखक पुढच्या वाक्यात 'पवित्र आणि शुद्ध' असे जोडविशेषण लिहितो, तेव्हा पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्यात नकळत ओतला जातो. 'शुद्ध' हा शब्द सोवळ्यातल्या पाण्यालाही लागतो, तुपालाही, रागालाही आणि लेखनालाही. इतक्या ठिकाणी राबणाऱ्या शब्दाकडून सूक्ष्मजंतुशास्त्राची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होय.

या तुलनेत जुने गद्य अधिक रोखठोक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५च्या सुमारास) गडावरील पाण्याविषयी आलेला मजकूर पाहावा. झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी बांधावीत, असे ते सांगतात. तेथे पाण्याला एकही लाडिक विशेषण नाही. क्रिया आहे आणि कारण आहे. आजच्या लेखकाची समीक्षक स्तुती करतो ती प्रसादगुणासाठी; आणि काव्यशास्त्रातला हा 'प्रसाद' म्हणजेही मुळात पाण्याचे निवळणेच. नितळ वाक्यातही जंतू असू शकतात, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

येथपर्यंतचे विवेचन शब्दांपुरते राहिले असते. परंतु व्यवहारात त्याची किंमत मोजावी लागते. इंग्रजी व्यापारी परिभाषेत 'फिल्टर' आणि 'प्युरिफायर' हे दोन भिन्न शब्द आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ साली दुसऱ्या वर्गासाठी जी कसोटी घालून दिली तीत जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के आणि आदिजीवांचे कोष ९९.९ टक्के घटले पाहिजेत. पहिल्या वर्गाला विषाणूंची अट नाही. मराठीत दोन्हींचे भाषांतर 'जलशुद्धीकरण यंत्र' असेच केले जाते, आणि भेद होता तोच गळून पडतो. गंमत अशी की, विषाणूंचा शोधच मुळी गाळणीच्या अपयशातून लागला. शांबरलांच्या १८८४च्या चिनीमातीच्या गाळणीतून तंबाखूच्या रोगाचे कारण आरपार निघून जाते, हे इव्हानोव्स्की यांना १८९२ मध्ये आढळले. पुढे कित्येक वर्षे अशा रोगकारकांची ओळख 'गाळणीतून पार जाणारे' अशीच होती.

कोकणापुरते पाहिले तर आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात येथे लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. त्याचा जंतू मळसूत्रासारखा, जाडीने सुमारे ०.१ मायक्रॉन, आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. हा रोग मुख्यतः ओल्या जखमेतून आणि डोळ्या-नाकाच्या त्वचेतून शिरतो हे खरे. तरी शेताच्या बांधावरील पाणी गाळणीवर विसंबून पिणे शहाणपणाचे नव्हे. तेथे जंतू मारलाच पाहिजे. क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्यास हे साधते, पण क्रिप्टोस्पोरिडियमचे कोष क्लोरीनला दाद देत नाहीत. अतिनील किरणांचा दिवा त्यांना निकामी करतो, मात्र पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणांआड जंतू वाचतात. म्हणजे निवळणे, गाळणे आणि मारणे या तीन भिन्न क्रिया असून त्यांना क्रमही आहे. उकळणे तेवढे सर्वांना पुरून उरते. खळखळ उकळी एक मिनिट टिकली की पुरे. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर पाणी सुमारे ९४-९५ अंशांना उकळते, तरी जंतूंना तेवढे तापमान भारीच पडते. आणि या क्रियेसाठी मराठीत 'आधण' हा नेमका शब्द घरोघरी आहे. 'निर्जंतुकीकरण' लिहिण्याच्या हौसेत तो मार्गदर्शक पुस्तकांतून हद्दपार व्हावा याचे नवल वाटते.

परिभाषा नव्याने घडविण्याची येथे मुळीच गरज नाही. 'शुद्ध करून' हा शब्दप्रयोग या प्रकारच्या लेखनातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी क्रियेचे नाव घालावे, एवढेच पुरेसे आहे. 'टाक्यात बारमाही पाणी आहे, शेवाळ दाट. फडक्याने गाळून आधण आणावे' हे वाक्य, किंवा 'विहिरीचे पाणी मचूळ, गाळणीचा उपयोग नाही, गावातून भरून घ्यावे' हे वाक्य, कोणत्याही शेतकऱ्याला कळेल असे आहे. यंत्राचा उल्लेख करावयाचा तर 'गाळणी' म्हणावे, छिद्राचे माप द्यावे आणि विषाणू अडतात की नाही ते स्पष्ट लिहावे. अशा वाक्यांनी वर्णनाची गोडी उणावते असा आक्षेप येईल. वर्णन त्याच्या आधीच्या परिच्छेदात खुशाल यावे. तेथे पाणी हवे तेवढे मधुर असू द्यावे.