गुप्त अहवाल आणि गुप्त खर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांच्या इतिहासाची साधने महाराष्ट्र शासनाने १९८२ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत वृत्तपत्रांतील बातम्यांच्या जोडीला ब्रिटिश अमदानीतील पोलिसांचे गुप्त अहवालही आहेत. कामतघरात, यंत्रमागांच्या खडखडाटात, हा ग्रंथ वाचताना मला संपादनातली एक उणीव खटकते. आपल्या चळवळीचे साधन म्हणून आपण जे वाचतो, त्यातला काही भाग पाळत ठेवणाऱ्यांनी लिहिलेला आहे. सभेत कोण काय बोलले हे त्यातून कळते. ऐकणाऱ्याला पैसा कोणी दिला आणि त्याचा हिशेब कोणी तपासला, हे कळत नाही. पैसा तर रयतेचा, म्हणजे आपलाही होता.

हा प्रश्न ब्रिटिशांबरोबर गेला नाही. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. पण गुप्त सेवेचा खर्च आला की याच अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. पावत्या त्याच्यापुढे येत नाहीत. शासनानेच नेमलेला अधिकारी खर्च योग्य झाल्याचा दाखला देतो आणि त्यावर लेखापरीक्षण संपते.

गुप्ततेवाचून राज्य चालत नाही, असे यावर सांगितले जाते. खबऱ्याचे नाव चव्हाट्यावर आणा, असे मीही म्हणत नाही. पण नाव झाकणे वेगळे आणि हिशेब झाकणे वेगळे. ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने गुप्तचर खात्यांचा खर्च तपासायला संसद सदस्यांची समिती नेमली. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ साली मांडलेल्या खाजगी विधेयकाचा कायदा झाला नाही.

भिवंडीचाच दाखला घ्या. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत येथे दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने पोलिसांची दप्तरे तपासली, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि विशेष तपास पथकाने मुसलमानांविरुद्ध पक्षपात केल्याचा निष्कर्ष काढला. दप्तरे उघडली म्हणून राज्य बुडाले नाही. उलट, बंद दप्तराआड काय चालते ते लोकांना कळले.

म्हणून अभ्यासमंडळांतून हा ग्रंथ वाचताना केवळ सभांच्या तारखा टिपून थांबू नये. ज्यांच्यावर पाळत राहिली, त्यांनी हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे. तो घटनेने दिलेला नागरिकाचा अधिकार आहे.