हामिदचे तीन पैसे आणि आमची वाचणारी मुले

विद्यार्थ्यांना 'तुमचे आवडते पुस्तक कोणते?' असे विचारले की पहिली दोन-तीन मिनिटे जे ऐकू येते ते बहुधा त्यांचे नसते. लेखकाचे नाव, गाव, कथेचा सारांश आणि शेवटी 'या कथेपासून आपल्याला असा बोध मिळतो की...' हे ठरलेले वाक्य. परीक्षेत गुण मिळवून देणारे हे पाठांतर आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण खरे वाचन कळते ते त्यानंतर, मूल हातातला कागद बाजूला ठेवते तेव्हा.

अशा एका बैठकीला आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. अकरावी-बारावीची आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची मुले-मुली, बहुतेक मुस्लिम घरांतली. काही मराठी माध्यमातली, काही उर्दू शाळेतून मराठीकडे आलेली. प्रत्येकाने आवडलेले एक पुस्तक किंवा एक कथा सांगायची, एवढाच कार्यक्रम. तिथे ऐकलेल्या बोलण्याकडे आम्ही समीक्षा म्हणून पाहू इच्छितो. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून 'आमचे जगणे मराठीत कोण लिहिणार?' हा प्रश्न आम्ही विचारत आलो. तो आवश्यकच होता. पण 'आमची मुले काय वाचतात आणि कसे वाचतात?' हा जोडप्रश्न मागेच राहिला.

सर्वांत अधिक वेळा नाव आले ते प्रेमचंदांच्या 'ईदगाह'चे. 1933 सालची ही कथा अनेकांना शाळेतल्या हिंदीच्या तासाला भेटलेली. ईदच्या जत्रेत इतर मुले मिठाई आणि मातीची खेळणी घेतात. आईबापाविना वाढणारा हामिद तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना तिची बोटे भाजतात. एका मुलाने सांगितले, 'हामिद गरीब होता म्हणून तो चांगला होता.' हे वाक्य आम्हांला खटकले, आणि आमच्या आधी ते तिथल्याच एका मुलीला खटकले. ती म्हणाली, 'सर, त्याला खेळणी हवी होती. तो खेळण्यांना नावे ठेवतो, पण बघतो तर ललचावून.' मग एका मुलाने भर घातली की चिमटा घेतल्यावर हामिद जे बोलतो ती सरळ बढाई आहे. त्याचा चिमटा वीर, बाकीच्यांचे शिपाई आणि वकील मातीचे. तो वाद जिंकतो तो जिभेच्या जोरावर.

या दोन मुलांनी कथा सोडवून घेतली. वर्षानुवर्षे शाळेत 'हामिदचे गुण लिहा' असा प्रश्न येतो आणि हामिद एक शहाणा, त्यागी, जवळजवळ म्हातारा मुलगा होऊन बसतो. प्रेमचंदांचा हामिद तसा नाही. मोहसिन रेवडी पुढे करून स्वतःच्याच तोंडात टाकतो तेव्हा हामिद खजील होतो. खेळणी हातात घेऊन पाहावीत म्हणून त्याचा जीव तुटतो. मोह आहे म्हणूनच चिमट्याला किंमत आहे. शिकवण काढण्याच्या घाईत आम्ही मोठ्यांनी त्याचे पोरपण काढून घेतले होते.

पण त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे बोलणे त्यापुढचे होते. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिची आई घरी बसून डझनाच्या भावाने परकर शिवते. ती म्हणाली, 'मला हामिदपेक्षा अमीना आवडते. कपडे शिवून तिला आठ आणे मिळाले होते. ते तिने ईदसाठी जपून ठेवले होते. दुधवालीचे देणे दिल्यावर दोन आणे उरले. तीन पैसे पोराच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. आमच्या घरी अम्मी असाच हिशेब करते, फक्त आकडे मोठे आहेत. शाळेत कुणी हा हिशेब विचारला नाही.'

आम्ही घरी येऊन कथा पुन्हा काढून पाहिली. हिशेब बरोबर आहे. दोन आण्यांचे पैसे आठ. तीन अधिक पाच. हे आकडे कथेच्या आरंभीच येतात, आणि चिमटेवाला सहा पैसे मागतो तेव्हा हामिदचे काळीज का बसते ते त्यांच्यामुळे कळते. त्याच्याजवळ असलेले तीन पैसे म्हणजे घरातल्या सगळ्या रोकडीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. शेवटी अमीना रडते आणि दुवा मागते, ती केवळ नातवाच्या मायेने रडत नाही. आपल्या शिलाईचा पैसा कुठे गेला हे तिला ठाऊक आहे. हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. शिलाई करणाऱ्या बाईच्या मुलीच्या ते पहिल्या वाचनात आले.

त्यानंतर कोकणातल्या एका मुलाने 'श्यामची आई' सांगितली. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले तेही 1933 सालीच. 1935 साली ते प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी हिंदीत हामिद आणि मराठीत श्याम जन्मावा हा योगायोग, पण दोन्हीकडे गरीब घर, एक लहान मुलगा आणि त्याला वाढवणारी बाई आहे. या मुलाला आवडला तो आंघोळीनंतर पाय मळू नयेत म्हणून श्याम हट्ट करतो तो प्रसंग. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असे आई सांगते. मुलगा म्हणाला, 'वजू करताना माझी दादी हेच सांगायची. पाय धुतलेस, आता दिल?'

त्यावर श्रोत्यांतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, 'बेटा, आपल्या समाजावरचे पुस्तक नाही का मिळाले?' मुलगा गप्प बसला. त्यांचा हेतू वाईट नव्हता; पण त्या एका प्रश्नाने त्याचे वाचन चूक ठरले. याची उलट बाजूही आम्ही पाहिली आहे. सर्वांच्या कार्यक्रमात आमच्या मुलीला बोलायला उभे केले की तिने 'ईदगाह'वरच बोलावे अशी अपेक्षा असते. तिला 'बनगरवाडी' आवडली असेल हे कुणाच्या मनात येत नाही. एकीकडे आपले म्हणून, दुसरीकडे त्यांचे म्हणून, दोन्हीकडून वाचकाला प्रतिनिधी करून टाकले जाते. दादीच्या वजूतून श्यामच्या आईपर्यंत पोहोचलेला तो मुलगा कुणाचाही प्रतिनिधी नव्हता. तो वाचक होता.

शेवटी एका मुलीने जरा चाचरत हमीद दलवाईंची 'इंधन' ही 1965 सालची कादंबरी सांगितली. सभागृहात थोडी कुजबुज झाली. ती म्हणाली, 'बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस आपलेच गाव कसे पाहतो हे मला फार खरे वाटले. लेखकाची सगळी मते मला पटत नाहीत.' दलवाईंविषयी आमच्यात दोनच तऱ्हा रूढ आहेत, डोक्यावर घेणे किंवा नाव टाळणे. कादंबरी आवडणे आणि मत न पटणे ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणणारी ही मुलगी आम्हां लिहित्या मंडळींच्या एक पाऊल पुढे आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. दोन तासांत भाषेविषयी एकही मूल बोलले नाही. कोणते वाक्य लक्षात राहिले, कोणता शब्द घरातला वाटला, कोणता अडला, हे कुणी सांगितले नाही. घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू किंवा मराठी अशा दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांजवळ या बाबतीत सांगण्यासारखे खूप असणार. ते त्यांना विचारलेच गेलेले नाही. हा दोष त्यांचा नाही, आमचा आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. मूल पुस्तकाविषयी बोलू लागले की 'बोध काय?' हा प्रश्न थोडा वेळ मागे ठेवावा. आधी विचारावे, तू कुठे थांबलास? त्या मुलीला आम्ही एवढेच विचारले होते की आईला ही कथा वाचून दाखवलीस का. ती म्हणाली, 'हो. अम्मी हिशेबापाशी हसली. म्हणाली, ये लिखनेवाला किसी दर्जन के घर रहा होगा.'