सोय, स्मरणरंजन आणि लोकाश्रय

एखादे जुने उपाहारगृह किंवा चित्रगृह बंद पडले, म्हणजे त्याच्यावर मराठीत लेख येऊ लागतात. पुण्याचे ‘प्रभात’ चित्रगृह १९३४ पासून चालत आले होते. २०१४ च्या अखेरीस ते त्या नावाने बंद झाले, तेव्हाही असेच घडले. या लेखांचा आता एक साचा ठरून गेला आहे. त्यांत तिकिटाचे जुने दर येतात, मध्यंतरातील बटाटेवडा येतो, संगमरवरी टेबल आणि बनमस्का येतो. या लेखनातील भावना खोटी असते असे नाही. परंतु त्याचा खरा विषय ती जागा नसून लेखकाचे तारुण्य असते. आपण तेथे अखेरचे कधी गेलो होतो, याचा उल्लेख त्यात सहसा आढळत नाही. या स्मरणरंजनाची चिकित्सा करावी आणि त्याहून निराळी दृष्टी असलेल्या दोन कलाकृतींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

स्मरणरंजनाचा पहिला दोष ऐतिहासिक आहे. ‘सोय’ ही आजच्या काळाची निपज असून तिनेच जुन्या जागांचा घात केला, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः या जागा सोयीच्याच पोटी जन्मल्या. ‘जेवणाची व राहण्याची उत्तम सोय’ ही पाटी कोणास परिचित नाही? बिऱ्हाड गावी ठेवून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या पुरुषांची गरज खानावळींनी भागवली. नाक्यावरच्या इराण्याने स्वस्त चहा आणि बसावयास खुर्ची दिली. चित्रगृहे तर नाटक मंडळ्यांच्या मुळावरच आली. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पुढील काही वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांची वाताहत झाली. तेव्हा नाट्यरसिकांनी केलेला शोक आजच्या शोकाहून फारसा निराळा नव्हता. मग फरक कोठे आहे? पूर्वीची सोय माणसाला घराबाहेर काढून चार अनोळखी माणसांत आणून बसवीत असे. मोबाइलवरून मागवलेले जेवण आणि घरातल्या पडद्यावरील चित्रपट ही आजची सोय त्याला बाहेर पडण्याच्या गरजेतूनच मुक्त करते.

हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. जुन्या खानावळी सर्वांना खुल्या नव्हत्या. कित्येकींच्या पाट्यांवर जातीचाच उल्लेख असे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदास म्हणावे लागले, ते यामुळेच. १९२७ चा महाडचा सत्याग्रह ज्या हक्कासाठी झाला, त्याच हक्काचा हा विस्तार होय. परंतु प्रवेशाचा हक्क बजावण्यास प्रवेश करण्याजोगी जागा शिल्लक असावी लागते. ज्याचे जेवण त्याच्या दाराशी येते, त्याला कोणाच्या शेजारी बसावे लागत नाही. आपण कोणाच्या शेजारी बसू इच्छित नाही, हे उघड करण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही. स्मरणरंजनपर लेखन चवीविषयी पुष्कळ बोलते, याविषयी बोलत नाही. हा त्याचा दुसरा आणि अधिक गंभीर दोष आहे.

या पार्श्वभूमीवर अरुण कोलटकर यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या इंग्रजी संग्रहातील ‘ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा’ ही दीर्घ कविता पाहावी. काळा घोडा परिसरातील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात कोलटकर वर्षानुवर्षे जाऊन बसत. तेथून दिसणारे जग हाच या संग्रहाचा विषय. ते उपाहारगृह आज उरलेले नाही, आणि दुसऱ्या एखाद्या कवीने त्यावर विलापिका रचली असती. या कवितेच्या केंद्रस्थानी मात्र आतले टेबल नसून बाहेर रस्त्यावर इडल्या घेऊन येणारी बाई आहे. तिच्याभोवती रस्त्यावरची बेघर, उपेक्षित माणसे जमतात, खातात आणि थोड्या वेळाने पांगतात. तेथे भिंती नाहीत, पाटी नाही. तरी माणसे जमलेली असतात तोवर ते एक परिपूर्ण उपाहारगृह असते. वास्तूवाचून जागा उभी राहू शकते, माणसांच्या येण्यावाचून नाही, हा अर्थ कवितेच्या रचनेतूनच प्रतीत होतो.

दुसरी कलाकृती शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा अनुबोधपट. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणारी तंबूतील चित्रगृहे हा त्याचा विषय. गंजलेले ट्रक, जुनी प्रक्षेपणयंत्रे आणि ती दुरुस्त करणारा कारागीर यांचे चित्रण त्यात ममतेने केले आहे. परंतु दिग्दर्शक या ममतेशीच थांबत नाहीत. काळ बदलतो तेव्हा तंबूवालेही डिजिटल यंत्राकडे वळतात. यंत्र जुने की नवे, हा त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नसतो. तंबू भरतो की नाही, हा असतो. मात्र प्रेक्षक येथे बहुतांशी प्रकाशाने उजळलेल्या चेहऱ्यांच्या रूपातच भेटतात. ते का येत होते व का येईनासे झाले, याचा शोध अपुरा राहिला आहे.

आपल्या नाट्यपरंपरेने राजाश्रय आणि लोकाश्रय असा भेद केला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा मिळाव्यात असे धोरण जाहीर केले. अशा राजाश्रयाने खेळ लागू शकतो. खुर्च्या भरण्याचे काम लोकाश्रयाचे. लोकाश्रय म्हणजे दानधर्म नव्हे. कळकट पेला आणि फाटकी खुर्ची सोसण्याचे व्रत कोणी घ्यावे, असेही येथे सुचवावयाचे नाही. वृद्ध, आजारी, रात्रपाळी करणारे, बाहेर एकट्याने बसणे जिला निर्धास्त वाटत नाही अशी स्त्री, या सर्वांना घरपोच सोय ही खरीखुरी सुटका आहे. प्रश्न आहे तो ज्यांना जाता येते आणि तरीही जे केवळ आठवणच काढतात, त्यांचा.

आपल्या विभागातील संशोधकांनी याची दखल घ्यावी. एखादे चालू उपाहारगृह किंवा एकपडदा चित्रगृह निवडून तेथे वर्षभर नियमाने जावे. कोण कोणत्या वेळी येतो, कोणाशेजारी बसतो, कोण येईनासा झाला, याची नोंद ठेवावी. असा अभ्यास जागा बंद पडल्यावर करता येणार नाही. शिवाय त्याच्या निमित्ताने निदान एक गिऱ्हाईक तरी नियमित येईल.