मूकपटातील अनाथ : करुणरसाचा एक प्रश्न

मूकपटातील अनाथ मूल प्रेक्षकाला विशेष व्याकूळ करते. अनाथाची बाजू मांडणारे कोणी नसते; मूकपटात तर त्याला स्वतःचा स्वरही नसतो. चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटात मुलाला पालनकर्त्यापासून ओढून नेले जाते, तेव्हा त्याच्या पसरलेल्या हातांत सारा करुणरस एकवटतो.

पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, जी. पी. पवार दिग्दर्शित 'दिलेर जिगर' (१९३१) निराळ्या वाटेने जातो. पित्याचा वध झालेला राजपुत्र अज्ञातवासात वाढतो व पुढे सूड घेतो. त्याचे कुळ प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असल्याने कणव ओसरते आणि वीररसाची अपेक्षा बळावते. मायेपेक्षा सिंहासनाची हानीच येथे मोठी ठरते.

यावरून आपल्याकडील मूकपटांना करुणेपेक्षा पराक्रम प्रिय होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. भारतात निर्माण झालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी पूर्णतः वा अंशतः उरलेले तीसही नाहीत. ज्वालाग्राही नायट्रेट फिती जळाल्या, कुजल्या, किंवा त्यांतील चांदीसाठी नष्ट करण्यात आल्या. जे वाचले ते योगायोगाने वाचले. अशा स्थितीत समीक्षकाने उपलब्ध कृतीचे रसग्रहण निःशंकपणे करावे; परंपरेविषयीचे विधान मात्र जपूनच करावे.