‘हरित’ द्रावकाचा ताळेबंद

हरित रसायनशास्त्रावरील लोकप्रिय लेखनात एक उदाहरण हमखास भेटते : विषारी सेंद्रिय द्रावकांऐवजी अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमध्ये बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, तयार करणे. उदाहरण चांगले आहे. ते सांगण्याची रीत मात्र आम्हाला खटकते. हवेतला उपद्रवी वायू कामी लागला, असा त्यात सूर असतो. वस्तुतः हा वायू हवेतून काढलेला नसतो. तो बहुधा अमोनियासारख्या कारखान्यांतील उपउत्पादन असतो, आणि द्रावक म्हणून वापरताना खर्ची पडत नाही. बहुवारिकाच्या साखळीतच तो गुंफण्याचे काम जपानमध्ये शोहेइ इनोउए यांनी १९६९ साली केले. तो विषय निराळा. लेखांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७३ वातावरणांहून अधिक दाबाखाली या वायूत द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये तो क्रांतिक बिंदू दाखवला. त्यांचे समतापी वक्र आपण फळ्यावर काढतो, पण त्या बिंदूपलीकडच्या अवस्थेचा उपयोग काय, हे सांगायचे राहून जाते. तेथे दाबानुसार घनता झपाट्याने बदलते. ४० अंशांना १०० बार दाबाखाली एक घन सेंटिमीटर कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.६३ ग्रॅम भरतो, २०० बारला ०.८४ ग्रॅम. घनतेबरोबर विरघळवण्याची शक्ती वाढते. काम झाले की दाब उतरवावा. द्रावक निघून जातो आणि माल कोरडा हाती येतो.

१९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील जोसेफ डीसिमोन आणि सहकाऱ्यांनी या द्रावकात फ्लुओरिनयुक्त बहुवारिके बनवली. निवड अचूक होती. वाढत्या साखळीच्या टोकावरील मुक्त मूलक नेहमीच्या द्रावकातून हायड्रोजन ओढून घेतो आणि साखळी खुंटते. कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजनच नाही! पूर्वी या कामी वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन ओझोनच्या प्रश्नामुळे सोडावेच लागणार होते. १९९९ मध्ये ड्यूपाँ कंपनीने नॉर्थ कॅरोलिनातच ४ कोटी डॉलरच्या प्रकल्पाची घोषणा केली, तीही फ्लुओरिनयुक्त बहुवारिकांसाठीच.

इतर बहुवारिकांचे काय? फ्लुओरिनयुक्त आणि सिलिकोन असे काही अपवाद सोडले तर ती या द्रावकात विरघळतच नाहीत. एकवारिक विरघळते, पण साखळी वाढली की तिचे गोळे बनून तळाशी बसतात. १९९४ मध्ये डीसिमोन यांच्याच गटाने ६५ अंश तापमान आणि सुमारे २०० वातावरणे दाब ठेवून ॲक्रिलिक बहुवारिकाचे मायक्रॉनभर आकाराचे सुटे, गोल कण मिळवले. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांनी एक स्थिरक घातला होता. त्याचे काम साबणासारखे. लोकप्रिय लेखांत या स्थिरकाला एक ओळही मिळत नाही, आणि आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. त्याच्या शाखा म्हणजे लांब फ्लुओरिनयुक्त साखळ्या. अशा साखळ्या निसर्गात मोडत नाहीत. त्याच कुळातले पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-यादीत गेले. द्रावक हरित ठरवताना त्यातला साबण मोजायचा नाही, हा कसला हिशेब? संशोधकांना हे दिसत होते. पिट्सबर्ग विद्यापीठातील एरिक बेकमन यांच्या गटाने २००० साली, फ्लुओरिन नसूनही या द्रावकात चांगली विरघळणारी बहुवारिके प्रसिद्ध केली.

तुलनाही सोयीची निवडलेली असते. कार्बन डायऑक्साइड टोल्युइनशेजारी ठेवला की उजळ दिसणारच. पण पीव्हीसी बव्हंशी पाण्यात तरंगत्या थेंबांत बनते, भिंतीच्या रंगांतील बहुवारिके पाण्यातील पायसात, आणि पॉलिएथिलिनचा मोठा भाग वायू अवस्थेत, द्रावकाविना. खरा प्रतिस्पर्धी पुष्कळदा पाणी असते, आणि त्यासाठी २०० वातावरणे दाब सोसणारे जाड पोलादी पात्र व तो दाब निर्माण करणारे पंप लागत नाहीत. वर्गात हे उदाहरण घेताना टोल्युइनबरोबर पाण्याचाही रकाना फळ्यावर आखावा, आणि स्थिरकाचा वेगळा.