घोगरेंचा आवाज दुसऱ्यांदा ऐकताना

माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. मुंबईत झोपड्यांवर हातोडा पडत असताना, स्टुडिओचा कुठलाही साज न ल्यालेला तो खडा आवाज आपल्या कानी येतो आणि आपण त्याला उजाडलेल्या वस्तीचा आवाज म्हणून स्वीकारतो. गाणाऱ्याचं नाव विचारण्याची गरजही त्या घटकेला वाटत नाही. पुढे २०११च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये हेच चित्रण पुन्हा समोर येतं आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. दरम्यान ११ जुलै १९९७ हा दिवस येऊन गेलेला असतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली; आणि चारच दिवसांनी, आयुष्यभर डाव्या चळवळीसाठी गायलेल्या घोगरेंनी कपाळाला निळं फडकं बांधून गळफास घेतला.

आता तेच गाणं ऐकताना काय काय होतं ते पाहावं. सूर तोच आणि शब्दही तेच. पण आधी जो आवाज समूहाचा होता तो आता एका माणसाचा झालेला असतो, आणि त्या माणसाने पुढे काय केलं हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला मात्र ठाऊक नसतं. जुन्या चित्रणाचा वापर हा माहितीपटाचा अगदी रुळलेला संकेत. एरवी तो पुराव्याच्या कागदासारखा फाइलीतून निघतो आणि काम झालं की फाइलीत जातो. इथे दिग्दर्शक स्वतःच्याच जुन्या कामाकडे वळतो, तेव्हा त्या तुकड्याला काळाची खोली येते, आणि पटकथा लिहून कुणाला साधला नसता असा करुण रस आपल्यापुढे सहज उभा राहतो.

हा रस निवेदनाने सहज नासला असता. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने पाहिलेले फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट आठवा: तो भरदार, सर्वज्ञ स्वर धरणापासून धान्यापर्यंत सारं काही आपल्याला समजावून देई आणि विचार करण्याची तसदी वाचवी! पटवर्धन निवेदन अगदी मोजकं ठेवतात आणि त्याऐवजी कॅमेऱ्यामागून स्वतः प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांचा स्वर शांत, जवळजवळ निरागस असतो. त्यामुळेच समोरचा माणूस बोलत राहतो आणि बोलता बोलता उघडा पडतो किंवा उमलतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणाऱ्या गर्दीबद्दल नाकं मुरडणारे मध्यमवर्गीय असे उघडे पडतात. खरं सांगायचं तर त्या जागी उपरोध जरा सोपा झाला आहे, प्रेक्षागृहातलं हसू फार लवकर येतं. पण चळवळीत गाणाऱ्या शीतल साठे यांच्या आईशी झालेला संवाद पाहावा. तिथे प्रश्नकर्ता हळूहळू मागे सरतो, आणि लेकीविषयीची धास्ती नि तिच्याविषयीचा अभिमान एकाच बोलण्यात कसे नांदतात हे आपण विनाअडथळा अनुभवतो.

प्रश्न विचारणाऱ्याला कुणी उलट प्रश्न केला तर? ‘हमारा शहर’मध्ये एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच धारेवर धरते: गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव मिळवाल, आमच्या पदरात काय पडणार? हा भाग संकलनाच्या टेबलावर निमूट कापता आला असता. तो ठेवला म्हणून बाकीच्या साऱ्या दृश्यांवरचा आपला विश्वास वाढतो.

‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून लांब आहे, चित्रण चौदा वर्षं चाललं, आणि गाणी बरीच आहेत. काही प्रेक्षकांना ती जास्त वाटतात. मला तसं वाटत नाही. शाहिरी ही पुनरावृत्तीवर, झिलकऱ्यांच्या साथीवर आणि ऐकणाऱ्याच्या मानेच्या डोलावर जगणारी कला. कडव्याचा नमुना दाखवून पुढे सरकणाऱ्या संकलकाला तिच्याबद्दलची माहिती तेवढी मिळते. इथे गाणं पुरेसा श्वास घेतं, ध्रुवपद फिरून येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आपलाही पाय नकळत ताल धरतो.